ज्युनियर इयरला डॉक्टर व्हायचं सुचलं, तर

आधी घरी फोन लावू नकोस. मी तेच केलं होतं. इकॉनॉमिक्सचं तिसरं वर्ष, म्हणजेच ज्युनियर इयर, फेब्रुवारीतली रात्र, आणि मी न्यू जर्सीत एडिसनला आईला सांगून मोकळी. तिचा पहिला प्रश्न, "अगं, मग तीन वर्षांच्या फीचं काय?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, पण ते अगदी साधं आहे. अमेरिकेत प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या आधीची तयारी, हा डिग्रीचा विषय नसतोच. कशातही बॅचलर्स करा, ठरावीक विषय झालेले असले की मेडिकलला अर्ज करता येतो. तेव्हा चालू मेजर, म्हणजे मुख्य विषय, सोडायचं नाही, ते पूर्ण करायचं.

दुसरी गोष्ट, स्वतःचं इमिग्रेशन स्टेटस बघ. आपल्याकडची कितीतरी मुलं एच-4 वर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, वाढलेली असतात. एकविसावं लागलं की ते संपतं, आणि ग्रीन कार्ड हातात नसेल तर एफ-1 या स्टुडंट व्हिसावर यावं लागतं. बऱ्याच मेडिकल स्कूल्सना नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच लागतात. एफ-1 वाल्यांना घेणारी मोजकी आहेत, त्यातली काही तर फीचे पैसे आधीच खात्यात दाखवायला लावतात. कोण घेतं आणि कोण नाही, ते एमएसएआर या मेडिकल स्कूल्सच्या ऑनलाइन यादीत बघायला मिळतं. हे तपासल्याशिवाय केमिस्ट्रीचं पुस्तकसुद्धा विकत घेऊ नकोस.

आता विषय. एक कोरा कागद घे आणि सेमिस्टरचे रकाने पाड. जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर, ती झाल्यावर ऑर्गॅनिक, आणि ऑर्गॅनिकनंतर बायोकेमिस्ट्री. ही रांग मोडता येत नाही. बाजूला बायॉलॉजी आणि फिजिक्स, दोन्ही वर्षभर आणि लॅबसकट. शिवाय स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी. ज्युनियर इयरच्या फॉलला, म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला, सुरुवात केलीस तरी बायोकेम पदवीनंतरच येते. उन्हाळ्यात आठ-दहा आठवड्यांत अख्खी ऑर्गॅनिक उरकणारे असतात, पण मी तो सल्ला देणार नाही.

कारण घाई मी करून बघितलीये. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स एकाच सेमिस्टरला घेतले आणि फिजिक्समध्ये सी-प्लस आला. ॲमकॅस, म्हणजे एमडीच्या स्कूल्सना जाणाऱ्या सामायिक अर्जात हा सी-प्लस पुसला जात नाही. विषय पुन्हा घेतला तरी दोन्ही ग्रेड धरून जीपीए काढतात. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरकीच्या, अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीच्या जागी बसायची, 2017 पासून तेही बंद झालं. एक वर्ष उशीर झाला तर कोणी ढुंकून बघत नाही, ट्रान्सक्रिप्टवरचा, म्हणजे गुणपत्रकावरचा, सी-प्लस मात्र प्रत्येक प्रवेश कमिटी बघते.

पदवीनंतर पोस्ट-बॅक, म्हणजे मेडिकलला लागणारे विषय पुरे करण्याचा कोर्स, करायचा विचार असेल तर तो आत्ताच ठरव. ब्रिन मॉर, गाउचर, जॉन्स हॉपकिन्स इथले करिअर बदलणाऱ्यांसाठीचे कोर्स मुख्यतः ज्यांनी हे विषय घेतलेलेच नाहीत त्यांच्यासाठी आहेत. निम्मे विषय उरकून गेलीस तर तिथे अडचण होते. ते महागही आहेत. स्टेट युनिव्हर्सिटीत एकेक विषय घेत गेलं तरी चालतं, मी तेच केलं.

हॉस्पिटलचे तास आजपासून सुरू कर, ते शेवटी गोळा करता येत नाहीत. स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी टिपणारा), ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचा मदतनीस), हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा), काहीही चालेल, पण पेशंटजवळ जाता आलं पाहिजे. मी संध्याकाळी ब्लँकेटं आणि पाणी वाटायचे. एकदा इमर्जन्सीत एक मराठी आजी आल्या होत्या, छातीवर हात ठेवून सारखं म्हणत होत्या, "जीव घाबरा होतोय गं." फोनवरच्या दुभाष्याला हिंदी येत होतं. त्याने सांगितलं, त्यांना भीती वाटतेय. व्हॉलंटियरला दुभाषेपण करायची परवानगी नसते, तरी मी नर्सला एवढंच म्हटलं, "ती भीती नाही, बेचैनी आहे, मराठी दुभाषी मागवा." तिने मागवला. त्या रात्री घरी जाऊन मी नाव न घालता चार ओळी लिहून ठेवल्या आणि पुढे अर्जातला निबंध, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, तिथूनच सुरू झालं. त्याला 5,300 अक्षरांची मर्यादा असते, स्पेसही मोजतात. प्रत्येक कामाची तारीख, तास आणि वरिष्ठाचा ईमेल एका शीटमध्ये टाकत जा, अर्जात सगळं मागतात.

शिफारसपत्रं साधारण दोन विज्ञानाच्या प्रोफेसरांची आणि एक विज्ञानाबाहेरचं. दीडशे-दोनशे मुलांच्या वर्गात नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, तेव्हा ऑफिस अवर्सला जाऊन बसायचं.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, बायोकेम झाल्याशिवाय नको. ब्रेक धरून साडेसात तासांचा पेपर, गुण 472 ते 528, आणि आयुष्यभरात सातच वेळा देता येतो. बरीच स्कूल्स दोन-तीन वर्षांहून जुना स्कोअर घेत नाहीत, म्हणून "एकदा देऊन तर बघू" असं करू नये. उताऱ्यांचा जो सीएआरएस भाग असतो त्यात विज्ञान लागत नाही. इकॉनॉमिक्सचे कंटाळवाणे पेपर वाचून मेले होते, ते तिथे कामी आले.

अर्ज प्रवेशाच्या जवळजवळ सव्वा वर्ष आधी जातो. 2028 च्या ऑगस्टला आत जायचं तर 2027 च्या मे-जूनमध्ये फॉर्म तयार हवा. जागा जसजशा अर्ज येतील तसतशा भरत जातात, त्यामुळे सप्टेंबरला पाठवणं म्हणजे पंगत उठल्यावर ताट मांडणं.

पैशांचं आता नवीन गणित आहे. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळत नाही. मेडिकलसाठी फेडरल कर्ज वर्षाला 50,000 डॉलर, एकूण 2,00,000 डॉलर. वरचा खर्च कुठून येणार हे त्याच कागदावर लिही.

मग घरी सांग. मी दुसऱ्या खेपेला बाबांसमोर तो कागद ठेवला, वर ट्रान्सक्रिप्ट. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "फिजिक्सला काय झालं?"