होस्ट बदलताना डेटाबेस अर्धवट उतरला तर

कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधल्या दुकानाची वेबसाइट नव्या होस्टवर (साइट ठेवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) न्यायची, तर फोटो-फाइली सहज जातात. अडतं ते डेटाबेसपाशी, म्हणजे साइटचा मजकूर आणि नोंदी साठतात तिथं. पीएचपीमायअ‍ॅडमिन या ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या साधनातून मोठा डेटाबेस काढताना वेळमर्यादा संपते आणि फाइल मध्येच तुटते. बऱ्याचदा एररही दिसत नाही, म्हणून जुनं होस्टिंग बंद करण्याआधी फाइलचा शेवट उघडून बघाच. मायएसक्यूएलडंप या डेटाबेसची प्रत काढणाऱ्या कमांडने काढलेल्या फाइलच्या तळाशी 'डंप कम्प्लीटेड' ही ओळ इंग्रजीत असते. नसेल तर सहसा फाइल अपुरी समजा. एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) मिळत असेल तर सरळ मायएसक्यूएलडंपच वापरा. नाहीतर टेबलं दोन-तीन गटांत काढा, जीझिपने दाबून लहान करून. कॅशे (तात्पुरत्या प्रती) आणि लॉग (घडामोडींच्या नोंदी) यांच्या टेबलांचा आतल्या डेटाशिवाय फक्त साचा घेतला तरी चालतो. निम्मं वजन कधीकधी तिथंच असतं.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची. 'तांबडा रस्सा'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली, तर अक्षरं वाटेतच गेलीत. ती त्या फाइलीतून परत येणार नाहीत. यूटीएफ८एमबी४ हा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लावून पुन्हा एक्सपोर्ट करा. चित्रविचित्र रोमन चिन्हं दिसली तर घाबरू नका, तो मजकूर बहुधा वाचवता येतो.

नव्या होस्टवर 'अननोन कोलेशन' (अक्षरांची तुलना नि क्रम ठरवणारा नियम ओळखीचा नाही) ही एरर आली, तर बहुतेक डेटा मायएसक्यूएल ८ मधून जुन्या मारियाडीबीत चाललाय; दोन्ही डेटाबेस सॉफ्टवेअर आहेत. फाइलीच्या प्रतीत ०९०० असलेल्या कोलेशनच्या जागी यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय घाला. वर्डप्रेसचा डोमेन मात्र असा शोधा-बदला करून बदलू नका. त्याला डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेस कमांडने चालवायच्या साधनाची सर्च-रिप्लेस कमांड आहे.