रिसेप्टर आहे की चालू आहे? फॉस्फो-स्टेनिंग करताना या चुका टाळा

ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांमध्ये व्हीईजीएफआर-२ (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रोटीनचा सिग्नल घेणारा पेशीवरचा रिसेप्टर) दिसला म्हणजे तो कामाला लागलाय असं धरून चालणं, ही सगळ्यात कॉमन चूक. साधी अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटते, मग तिथे ब्राउन रंग आणतात) फक्त रिसेप्टर आहे एवढंच सांगते. तो चालू झालाय का हे बघायचं तर त्याच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलाय का ते बघावं लागतं, म्हणजे १०५४/१०५९ किंवा ११७५ या क्रमांकांच्या जागांची फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट बसलेला असेल तरच चिकटणारी) लागते. आणि प्रोटीन टिकतं हो, फॉस्फेट टिकत नाही, सगळी डोकेदुखी तिथेच आहे.

मागच्या पावसाळ्यात ठाण्याहून आमच्याकडे नवी मुंबईत किडनीचा क्लिअर सेल ट्यूमर आला. यात व्हीएचएल जीन बहुतेक वेळा बिघडलेलं असतं त्यामुळे व्हीईजीएफ भरपूर तयार होतं, तेव्हा सिग्नल दणकून येणार असं वाटलेलं. स्लाइड बघितली तर कडेच्या वाहिन्या छान ब्राउन आणि मधला भाग कोरा, आणि ट्यूमरच्या कडेलाच वाहिन्या जोरात वाढतायत असं आम्ही जवळजवळ लिहूनच टाकलं होतं. मग फोन करून विचारलं तर कळलं की अख्खी किडनी न कापता रात्रभर तशीच फॉर्मलीनमध्ये होती! फॉर्मलीन तासाला साधारण १ मिलिमीटर आत जातं, तोवर मधल्या पेशींमधली फॉस्फेटेज एन्झाइम्स फॉस्फेट काढून टाकतात. असा पॅटर्न दिसला की आधी फिक्सेशनवर संशय घ्या, आणि शेजारच्या सेक्शनवर (ब्लॉकच्या पातळ कापावर) सीडी३४ हा वाहिन्या दाखवणारा स्टेन करा. मधे वाहिन्या आहेत पण फॉस्फो नाही असं दिसलं तर त्या ब्लॉकवरून निष्कर्ष काढू नका.

अँटिबॉडीचं कॉन्सन्ट्रेशन वाढवून हे सुटत नाही, नुसतं बॅकग्राउंड वाढतं. त्यापेक्षा ओटीतल्या सिस्टरना आणि सर्जनना आधी जाऊन भेटा, धमनी क्लॅम्प केल्याची आणि नमुना फॉर्मलीनमध्ये टाकल्याची वेळ लिहून घ्या, आणि ३-४ मिलिमीटरचे काप तिथेच करून घ्या, कारण ऐरोलीच्या पुलावर गाडी अडकली तर नमुना वाट बघत नाही.

बाकी छोट्या चुका: ब्लॉकिंगला (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून) दूध वापरू नका, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या. बफर पीबीएसऐवजी (त्यात फॉस्फेट असतं) टीबीएस बरा. सेक्शन कापून महिनोन्‌महिने ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत तर नकोच. किडनी आणि लिव्हरमध्ये मुळातच बायोटिन असतं, तिथे पॉलिमर डिटेक्शन (बायोटिनशिवाय रंग आणायची पद्धत) वापरा नाहीतर ट्यूब्यूल्स उगाच ब्राउन दिसतात.

कंट्रोलशिवाय मात्र मी एकही स्लाइड मानत नाही. सीरम काढून उपाशी ठेवलेल्या ह्यूवेक पेशींना (नाळेच्या रक्तवाहिनीच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) ५-१० मिनिटं व्हीईजीएफ द्या, दुसऱ्या डिशला देऊ नका, दोन्हींचे सेल ब्लॉक करा, फरक दिसलाच पाहिजे. आणि ट्यूमरच्याच एका सेक्शनवर लॅम्डा फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) घाला, रंग गेला तर ती फॉस्फेटची खूण, तसाच राहिला तर अँटिबॉडी भलतीकडेच चिकटतेय. हा एक सेक्शन वाचवायला जाऊन लोक अख्खा प्रोजेक्ट चुकीच्या अँटिबॉडीवर उभा करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि डॉक्टरांनी विचारलं की यावरून बेव्हॅसिझुमॅब (व्हीईजीएफ अडवणारं कॅन्सरचं औषध) लागू पडेल का, तर स्पष्ट नाही सांगा. हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं पण ते कोणाला लागू पडेल हे या स्टेनवरून ठरवता येत नाही, म्हणून आम्ही हा रिझल्ट पेशंटच्या रिपोर्टमध्ये घालत नाही, रिसर्चच्या फाइलमध्येच ठेवतो.