बिडाचं हेड काढून ॲल्युमिनियमचं बसवताय? या चुका टाळा

नवीन हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांवर बसणारं झाकण, हातात आलं की सगळं लक्ष पोर्ट आणि व्हॉल्व्हकडे जातं. स्पार्क प्लग मात्र जुनेच, 'अजून चांगले आहेत की' म्हणून पुन्हा लावले जातात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्लग ठरतो तो आधी हेडवरून. हेड बदललं की गाडीच्या मॅन्युअलमधला प्लगचा नंबर विसरा आणि हेडसोबत आलेला कागद उघडा.

जुना प्लग आणि कागदावर लिहिलेला प्लग शेजारी शेजारी धरून बघा. दोघांचे आटे १४ मिलिमीटरचेच असतील, म्हणून जुना प्लगही नव्या हेडात सुरळीत फिरतो आणि तिथेच फसगत होते. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाचंच घ्या. त्याच्या बऱ्याच बिडाच्या हेडांना निमुळत्या सीटचा (सीट म्हणजे प्लग हेडवर टेकतो ती कड), वॉशर नसलेला प्लग लागतो. बाहेरून मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हेडांना बहुतेक वेळा सपाट सीटचा, वॉशरवाला आणि १९ मिलिमीटर आट्यांचा. निमुळता प्लग सपाट सीटवर नीट टेकत नाही. मग दाब गळतो, शिवाय प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याचं टोक तापत राहतं.

आट्यांची लांबी चुकली तर दोन्हीकडून त्रास. प्लग आखूड असेल तर ठिणगी भोकाच्या आतच पडते आणि हेडच्या उघड्या आट्यांत काजळी साचते. पुढे योग्य प्लग लावायला गेलं की तो तिथेच अडकतो आणि जोर केला की आटे जातात. प्लग लांब असेल तर त्याचे उघडे आटे लाल होऊन ठिणगीआधीच हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटवतात, नाहीतर थेट पिस्टनच प्लगला लागतो.

हीट रेंजचा घोळ

ॲल्युमिनियम उष्णता बिडापेक्षा लवकर ओढून घेतं, म्हणून अशा हेडवर थोडं जास्त कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचं प्रमाण) चालतं. पण 'इंजिन तगडं केलंय, प्लगही थंड हवा' असं डोळे मिटून ठरवू नका. थंड प्लग म्हणजे टोकाची उष्णता हेडला लवकर देणारा, गरम म्हणजे सावकाश देणारा; हीच हीट रेंज. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर असेल तरच काजळी जळते आणि ८५० च्या आसपास गेलं की अवेळी पेटण्याचा धोका सुरू होतो. आपल्याला या दोहोंच्या मध्ये राहायचंय. कागदावरच्या नंबरपासून सुरुवात करा, मग प्लग बघून एकेक पायरी बदला. नंबर वाचतानाही जपा : एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, तर बॉश, चॅम्पियन आणि ऑटोलाइटमध्ये आकडा वाढला की गरम.

आवळताना

इंजिन पूर्ण थंड असू द्या. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचा आणि त्याच नळीने प्लग फिरवा. आटा तिरका लागला तर नळी घसरते, पाना मात्र घसरत नाही, तो आटा कापत जातो. मी आजही प्रत्येक प्लग असाच लावतो. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असेल तर १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, निमुळत्याला १० ते २०. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावून तेवढंच आवळलं तर प्रत्यक्षात ताण जास्त बसतो आणि मऊ आटे ओढले जातात. मुलामा असलेल्या प्लगला ते सहसा लागतही नाही.

हेड बसवताना

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट हेड बनवणारा सांगेल तेच वापरा. बोल्टच्या डोक्याखाली कडक पोलादी वॉशर हवाच, नाहीतर डोकं हेडमध्ये रुततं आणि टॉर्कचा आकडा खोटा ठरतो. ब्लॉकमधल्या बंद भोकांत तेल किंवा पाणी राहू देऊ नका, बोल्ट आवळताना त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. स्मॉल ब्लॉकमध्ये हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात. त्यांच्या आट्यांना सीलंट लागतं. घासायची चकती तर हेडला लावूच नका : पृष्ठभागावर खळगे पडतात आणि तिची भुकटी बेअरिंगपर्यंत पोहोचते. पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या दांड्याची) लांबी आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर नव्याने मोजा, जुनी मापं नव्या हेडला लागू पडतीलच असं नाही.

चालू केल्यावर

बोल्टच्या डोक्याशी कूलंट पाझरतंय? सीलंट राहिलंय. प्लगपाशी फुसफुस ऐकू येतेय? सीट किंवा वॉशर तपासा. थोडी गाडी चालवून प्लग काढा. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर जोडी जमली. कोरडी काळी काजळी दिसली तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग फार थंड. पांढरा पडून त्यावर फोड आले असतील तर गाडी पुढे पळवू नका. आधी मिश्रण आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघा, मग प्लग एक पायरी थंड घ्या.