घसरलेली शाळा हाती घेणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी

पट वर्षागणिक घटत चाललेल्या जिल्हा परिषद शाळेचा कार्यभार बदलीने किंवा पदोन्नतीने आपल्याकडे आला, की पहिला मोह रंगरंगोटीचा होतो. बोलक्या भिंती आणि नवी कमान फोटोत शोभून दिसतात. परंतु पाचवीतल्या मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येत नसेल, तर त्या भिंती पाहून कोणी पालक आपले मूल इंग्रजी शाळेच्या गाडीतून उतरवत नाही. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दुसरा कोणताही उपक्रम न काढता मुख्याध्यापकांनी प्रत्येक मुलाचे वाचन स्वतः ऐकावे.

त्यासाठी मोठी चाचणी लागत नाही. अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि छोटी गोष्ट असे एक पान भाषेसाठी पुरते. गणितासाठी संख्यावाचन, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार एवढे पाहावे. मुलाला एकट्याला शेजारी बसवून ऐकावे आणि ते ज्या पायरीवर अडखळले, ती त्याच्या नावापुढे नोंदवावी. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, हे पायाभूत वाचन व गणितासाठी 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य आहे. आपली शाळा त्यापासून किती दूर आहे, ते या यादीवरून लगेच कळते. ही यादी शिक्षकांना जाब विचारण्यासाठी नाही, असे पहिल्याच बैठकीत सांगावे आणि शब्द पाळावा. तसे न झाल्यास पुढच्या चाचणीत सगळी मुले एका रात्रीत ‘गोष्ट’ वाचू लागलेली दिसतील. (वर पाठवायला असे आकडे फार सोयीचे असतात, हे वेगळे सांगायला नको.)

यादी हाती आल्यावर वेळापत्रक बदलावे. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून रोज ठरलेल्या वेळी भाषा आणि गणित घ्यावे, आणि ती वेळ कोणत्याही कारणाने मोडू देऊ नये. सर्वांत मागे असलेला गट मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. कारण अवघड गट नवख्या शिक्षकाच्या गळ्यात मारून कार्यालयात बसणाऱ्या मुख्याध्यापकाचे कोणीही मनापासून ऐकत नाही. दोनशिक्षकी शाळेत हात कमी पडतात, तेथे मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत उपयोगी पडते. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने ‘विषयमित्र’ या नावाने ती नेटाने राबवली, आणि 2025 मध्ये जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळवला. पुरस्कार सर्वांना मिळत नाहीत, पण ही पद्धत उचलायला पैसा लागत नाही.

खरी झुंज वेळेशी असते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस व 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन ठरवून दिले आहे, आणि जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक काम देऊ नये, असे कलम 27 सांगते. प्रत्यक्षात सकाळी दहा वाजता व्हॉट्सॲपवर ‘तात्काळ माहिती सादर करावी’ असा संदेश येतो आणि एक वर्ग उघडा पडतो. त्याच कायद्याच्या अनुसूचीनुसार 150 हून अधिक मुले असतील तरच प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, त्यामुळे लहान शाळेत प्रभारी मुख्याध्यापकांकडे वर्गही असतोच. अशा वेळी ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि पत्रव्यवहार मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावरच होईल, हे केंद्रप्रमुखांना (परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) आधी भेटून, नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. सुरुवातीला थोडी नाराजी ओढवते, ती सोसावी.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. तरीही अनेक गावांत ठराव आधी लिहून नंतर घरोघर सह्या घेतल्या जातात. मजूर कामावरून परतल्यावर, संध्याकाळी बैठक घ्यावी आणि तिची सुरुवात एखाद्या मुलीच्या प्रकट वाचनाने करावी. आपली मुलगी चार लोकांत न अडखळता वाचते हे ऐकलेली आई शेजारणीला जे सांगते, ते पटनोंदणीच्या प्रभातफेरीने साधत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी मात्र दिवाळीची वाट न पाहता आधीच गृहभेटीत बोलावे, आणि मूल आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहील अशी तजवीज करावी.

एवढे जमले की शाळा विकास आराखड्यात रंग, कुंपण आणि संगणक यांची मागणी खुशाल घालावी. पुढे बदलीचा आदेश येईलच. त्या वेळी कार्यभाराच्या यादीत कपाटांच्या किल्ल्या आणि जडवस्तू नोंदवहीबरोबर (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदी) सर्व वाचनयाद्या, पातळीनिहाय वेळापत्रक आणि अजून मागे असलेल्या मुलांविषयीची टिपणे जोडावीत, तसेच शक्य असल्यास नव्या मुख्याध्यापकांसोबत एक पूर्ण दिवस त्या मुलांच्या गटात बसावे.