किनाऱ्याच्या आडवाटांनी दुचाकीवर : या चुका टाळा

कोकणच्या किनाऱ्याने मित्रांसोबत दुचाकीवरून जाताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे दिवसाचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडणे. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग साधारण ५०० किलोमीटरचा, म्हणून रोज अडीचशे धरून दोन दिवसांत तो उरकेल, असे घरी बसून सहज वाटते. प्रत्यक्षात हा रस्ता प्रत्येक खाडीशी खाली उतरतो, पुन्हा सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो आणि वाडीवाडीतून, माडांच्या कुंपणांमधून इतका अरुंद होऊन जातो की समोरून एसटी आली तर गाडी कडेला घेऊन थांबावेच लागते. माझ्या मते दिवसाला १२० ते १३० किलोमीटर पुरेसे आहेत, आणि आखणी करताना अंतराआधी वाटेत खाड्या किती आणि उजेड किती, हे मोजावे.

फेरीबोट कायम आपल्यासाठी उभीच असेल असे गृहीत धरणे, ही त्याच हिशेबातली सर्वांत महागात पडणारी चूक. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी गाडी बोटीत चढवून खाडी ओलांडता येते. बोट चुकली तर बागमांडल्याजवळच्या सावित्रीच्या खाडीला आंबेत–म्हाप्रळवरून, दाभोळच्या वाशिष्ठीला खेड–चिपळूणवरून आणि जयगडच्या शास्त्रीला राई–भातगावच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी जेटीवर फोन करून विचारावी, कारण पावसाळी हवा आणि खवळलेले पाणी यांमुळे ती बदलते. आम्ही चौघे एकदा हरिहरेश्वरला जेवणावर रेंगाळलो आणि बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडच्या धक्क्याला लागलेली दिसत होती. तिथेच मुक्काम करायला हवा होता. पण पुढची खोली आधीच ठरवलेली असल्यामुळे आम्ही अंधारात आंबेतच्या बाजूने निघालो. एका उजव्या वळणावर सर्वांत मागच्या मित्राची गाडी घसरली. कोपर सोलवटले, क्लचची दांडी मुळापासून तुटली आणि पुढचा तास आम्ही टॉर्चच्या उजेडात रस्त्यावर बसून काढला. तेव्हापासून क्लच आणि ब्रेकची एकेक जादा दांडी आणि एक क्लच वायर मी सीटखाली बांधूनच निघतो.

ती गाडी कशामुळे घसरली, हे सकाळच्या उजेडात अशीच वळणे पाहिल्यावर नीट समजले. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणींतून येणारे ट्रक वळणावर जांभ्याचा चुरा सांडतात, तो डांबराच्या कडेला हरभऱ्याएवढ्या गोळ्यांसारखा साचतो आणि कोरडा असला तरी टायरखाली छर्ऱ्यांसारखा फिरतो. नेहमीची चूक म्हणजे वळणात शिरल्यावर घाबरून पुढचा ब्रेक आवळणे. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा, गिअर एकने उतरवावा आणि चुऱ्यावरून जाताना ब्रेकला हात न लावता गाडी शक्य तेवढी उभी ठेवावी. पावसाळ्यात हीच काळजी शेवाळलेल्या सावलीच्या पट्ट्यांवर, आणि मासळी उतरणाऱ्या बंदरांजवळ टेम्पोमधून गळलेल्या पाण्यावर घ्यावी. सूर्यास्तानंतर या रस्त्यांवर गाडी चालवूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. दिवे नसतात आणि पावसात गुरे ओली जमीन सोडून डांबरावर येऊन बसतात.

एकत्र निघालेले मित्र हरवतात ते फाट्यावर. सड्यावर मोबाइलची रेंज जाते, पुढचा आपल्या नादात डावीकडे वळतो आणि मागचा सरळ जातो. यावर साधा नियम पुरतो : प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागच्याचा दिवा आरशात दिसेपर्यंत थांबायचे, आणि सर्वांत नवख्या मित्राला शेवटी न ठेवता दुसऱ्या क्रमांकावर घ्यायचे. आमचा तो मित्र शेवटी होता आणि आम्हाला गाठण्याच्या घाईत होता, हे मला आजही टोचते.

पुळणीवर गाडी नेण्याचा मोह आवरावा. ओहोटीला वाळू घट्ट दिसते, परंतु मागचे चाक एकदा रुतले की एक्सिलेटर पिळल्याने ते आणखी खोल जाते. अशा वेळी इंजिन बंद करून चाकामागची वाळू हाताने काढावी, टायरची हवा थोडी कमी करावी आणि दोघांनी गाडी मागे ओढावी. भरती चढू लागली असेल तर गावकऱ्यांना हाक मारायला संकोचू नये. त्यानंतर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुऊन, चेन कोरडी करून तेल द्यावे, नाहीतर मीठ एका रात्रीत चेनवर तांबेरा चढवते.

इतर बिघाडांचे थोडक्यात. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकची दांडी मऊ लागू लागली, तर तो तापला आहे असे समजून सुरक्षित जागी अर्धा तास थांबावे, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये आणि पुढचा उतार दुसऱ्या गिअरवर उतरावा. पावसात गाडी सुरू होईना, तर आधी किल स्विच (इंजिन बंद करण्याचे हँडलवरचे बटण) आणि साइड स्टँड पाहावा, मग प्लगची टोपी काढून कोरडी पुसावी. मागे सामान आणि माणूस असेल तर मागच्या टायरची हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे वाढवावी. तारांच्या चाकात सहसा ट्यूब असते, म्हणून ट्यूबलेसचे पंक्चर किट तिथे उपयोगी पडत नाही, जादा ट्यूबच लागते. पेट्रोलसाठी टाकी अर्धी झाली की श्रीवर्धन, दापोली, गुहागर, देवगड, मालवण अशा मोठ्या गावातच ती भरून घ्यावी.