मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड कसं थाटावं, आणि वेळ आली तर कसं हलवावं

आम्ही तीसेक जण एका मोठ्या सोशल साइटवरच्या गटात रोजच्या पावसाच्या नोंदी टाकायचो. चिपळूण, गगनबावडा, महाबळेश्वर, इगतपुरी. ज्याच्या त्याच्या अंगणातलं पर्जन्यमापक, सकाळी साडेआठला घेतलेलं माप आणि सोबत दोन ओळी. सात पावसाळे हे चाललं. मग एका सकाळी गट उघडेचना. 'नियमभंग' एवढंच कारण दिलेलं, कोणता नियम ते कुठेच नाही. दाद मागितली, तर ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. नोंदी गेल्या, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे माणसं गेली. निम्म्या लोकांना आम्ही फक्त तिथल्या नावाने ओळखत होतो. फोन नंबर कुणाचाच नव्हता.

मोबाइलच्या बाबतीत असं होत नाही. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो. कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. सोशल मीडियाला असा नियम आपल्याकडे नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्याच्या कलम २० मध्ये आपला डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्या २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकातही तो होता. २०२३ मध्ये कायदा झाला तेव्हा मात्र तो वगळलेला होता, आणि मला ही मोठी चूक वाटते. तोवर आपल्या हातात जे आहे ते करायचं. इथे मी मॅस्टोडॉनबद्दल लिहितोय, कारण तिथे सामान हलवण्याची सोय मुळातच ठेवलेली आहे.

आधी हे समजून घ्या

मॅस्टोडॉन हे ट्विटरसारख्या छोट्या पोस्ट टाकण्यासाठी २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रॉख्को यांनी सुरू केलेलं मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येईल असं, सॉफ्टवेअर आहे. एक कंपनी, एक साइट असा प्रकार नाही. हजारो सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती सांभाळणारे संगणक, आहेत, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा आणि नियमही वेगळे. तरीही ते एकमेकांशी बोलतात, कारण सगळे ॲक्टिव्हिटीपब नावाची एकच भाषा वापरतात. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. जीमेलवरून याहूवर मेल जातो ना, तसंच हे.

भारतातून मोठा लोंढा तिकडे गेला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि निषेध म्हणून पुष्कळांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. त्यातले बरेच जण लवकरच परतले. माझ्या मते त्याचं एक कारण असं की घाईत, न बघता सर्व्हर निवडले गेले आणि ओळखीचं कुणी सापडेना.

१. जुन्या जागेवरचं सामान आधी बाहेर काढा

खातं चालू आहे तोवरच हे सोपं असतं. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, गूगल या सगळ्यांच्या सेटिंगमध्ये आपली माहिती डाउनलोड करायची सोय आहे. मागणी करताना तीन गोष्टी बघा. कालावधी 'सुरुवातीपासून आजपर्यंत' असा निवडा. फोटोंचा दर्जा सगळ्यात वरचा ठेवा. आणि स्वरूप विचारलं तर दोन्ही घ्या: एचटीएमएल आपल्याला वाचायला, जेसन दुसऱ्या सॉफ्टवेअरला. फाइल तयार व्हायला तासन्‌तास, कधी काही दिवसही लागतात. डाउनलोडची लिंक मात्र थोडेच दिवस चालते, म्हणून मेलवर लक्ष ठेवा.

यात तुमचं लेखन मिळतं. इतरांच्या पोस्टवर झालेली चर्चा पूर्ण मिळत नाही, आणि माणसं तर मिळतच नाहीत. त्यासाठी जवळच्या पंधरा-वीस जणांना सरळ निरोप पाठवा: मी अमुक ठिकाणी जातोय, माझा मेल हा, तुमचा कळवा. आम्ही एवढं जरी केलं असतं तरी गट पुन्हा उभा राहिला असता.

खातं आधीच बंद झालं असेल तर आणखी एक वाट आहे, ती मला उशिरा कळली. २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक मोठ्या साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढायची. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

२. सर्व्हर निवडताना घाई करू नका

जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्ग इथे सर्व्हरची यादी आहे. तिच्यात यायचं तर सर्व्हरला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात. रोज बॅकअप घ्यायचा, अडीअडचणीला दुसऱ्या किमान एका माणसाकडे चाव्या असायच्या, वंशद्वेष आणि स्त्रीद्वेषासारख्या गोष्टींवर कारवाई करायची, आणि सर्व्हर बंद करायचा झाला तर तीन महिने आधी सांगायचं. यातली शेवटची अट माझ्या लेखी सगळ्यात मोलाची आहे.

निवडलेल्या सर्व्हरचं 'अबाउट' पान उघडा आणि खरोखर वाचा. नियम काय आहेत? चालवणारा कोण? खर्च कशातून भागतो? कोणत्या सर्व्हरशी त्यांनी संबंध तोडलेत किंवा मर्यादित केलेत, याची यादीही काही जण तिथे देतात. नियम मोघम असतील आणि मॉडरेटरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्याचा, पत्ता नसेल तर पुढे चला.

पत्त्याचं शेपूटही बघा. क्विअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर होता. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं नाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते नाव काढून घेतलं आणि तो पत्ताच नाहीसा झाला. केवळ आकर्षक दिसतं म्हणून परक्या देशाचं डोमेन घेतलेल्या सर्व्हरपासून लांब राहा.

३. घर लावा

नाव, फोटो, चार ओळींचा परिचय. परिचय मराठीत लिहा, म्हणजे आपली माणसं ओळखतील. पोस्टची भाषा म्हणून सेटिंगमध्ये मराठी निवडा. भाषेनुसार गाळून वाचणाऱ्यांना तुमची पोस्ट दिसेल. साधारणपणे एका पोस्टला ५०० अक्षरांची मर्यादा असते. दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक कोड) लगेच चालू करा आणि त्याचे राखीव कोड कागदावर लिहून ठेवा.

एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या: खाजगी निरोप इथे कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेत एफबीआयने कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर छापा घातला, तेव्हा सर्व्हरच्या डेटाबेसची एन्क्रिप्ट (कुलूपबंद) न केलेली प्रतही त्यांच्या हाती गेली. बँकेचे तपशील, आजारपण, कुणाचा पत्ता असलं काही इथे लिहू नका.

४. त्रास झाला तर काय करायचं

विकेंद्रित म्हणजे कुणीच बघणारं नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बघणारे आहेत, फक्त ते जवळ आहेत आणि पुष्कळदा माणसं आहेत.

पहिला टप्पा तुमच्या हातातला. एखाद्याचं लिहिणं नुसतंच नको असेल तर म्यूट करा, त्याला कळतही नाही. तो अंगावर येत असेल तर ब्लॉक करा. ठरावीक शब्द टाळायचे असतील तर फिल्टर लावा. निवडणुकीच्या दिवसांत मला त्याचा फार उपयोग होतो. आणि अख्ख्या सर्व्हरवरूनच घाण येत असेल तर तो सर्व्हरच आपल्यापुरता बंद करता येतो.

दुसरा टप्पा तक्रारीचा. पोस्टच्या मेनूतून 'रिपोर्ट' निवडा, कोणता नियम मोडला ते सांगा, त्या माणसाच्या आणखी दोन-तीन पोस्ट जोडा आणि आपल्या शब्दांत दोन वाक्यं लिहा. पोस्ट मराठीत असेल तर हे आवश्यकच, कारण मॉडरेटरला मराठी येत असेलच असं नाही. ज्या शब्दाने जातीवरून हिणवलं जातं, तो परक्या माणसाला साधा वाटू शकतो. त्यामागचा अर्थ तुम्हीच सांगायला हवा. तो माणूस दुसऱ्या सर्व्हरवरचा असेल तर तक्रारीची प्रत तिकडे पाठवायची का, असं विचारलं जातं. पाठवा, त्या प्रतीवर तुमचं नाव जात नाही.

तिसरा टप्पा सर्व्हर चालवणाऱ्याचा. तो दुसऱ्या सर्व्हरला 'लिमिट' करू शकतो, म्हणजे फॉलो करणाऱ्यांनाच तिथलं लेखन दिसतं. किंवा 'सस्पेंड' करू शकतो, म्हणजे संबंधच तुटतो आणि दोन्हीकडच्या माणसांचे एकमेकांना केलेले फॉलोही तुटतात. तुमची चूक नसताना तुमची माणसं अशी जाऊ शकतात. हा या व्यवस्थेतला खरा दोष आहे, आणि पुढची पायरी त्यासाठीच.

५. महिन्यातून एकदा नोंदी उतरवा

सेटिंगमध्ये 'इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट' असं पान आहे. तिथून तुम्ही फॉलो करता त्यांची यादी, ब्लॉक आणि म्यूट केलेल्यांची यादी, लिस्ट आणि बुकमार्क हे सगळं सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये क्षणात मिळतं. पोस्ट आणि फोटोंचा संग्रह वेगळा मागवावा लागतो. तो दर सात दिवसांनी एकदाच मागता येतो. मी महिन्याची एक तारीख ठरवली आहे. त्या दिवशी या फाइल उतरवतो, तारखेच्या नावाचा फोल्डर करतो आणि पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवतो.

६. बिऱ्हाड हलवायची वेळ आली तर

क्रम चुकवू नका. आधी नव्या सर्व्हरवर खातं उघडा. त्या नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये 'दुसऱ्या खात्यावरून इथे येणं' असा पर्याय आहे. तिथे जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे नाव आणि सर्व्हर, लिहा. मग जुन्या खात्यात जा, 'दुसऱ्या खात्यावर जाणं' निवडा, नवा पत्ता आणि जुन्याचा पासवर्ड द्या. तुमचे फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळू लागतात. सगळे यायला वेळ लागतो, धीर धरा. एकदा हलल्यावर पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.

तुम्ही ज्यांना फॉलो करता ती माणसं मात्र आपोआप येत नाहीत. त्यांची सीएसव्ही नव्या खात्यात इम्पोर्ट करा. ब्लॉकची यादीही विसरू नका, नाहीतर ज्यांच्यापासून सुटका करून घेतली ते पुन्हा दारात उभे राहतील.

जुन्या पोस्ट मागेच राहतात. मॅस्टोडॉनची ही मोठी उणीव आहे. जुनं खातं नव्याचा पत्ता सांगत उभं राहतं, पण लेखन तिकडून इकडे येत नाही. आणि हे सगळं जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच शक्य आहे. तो एका रात्रीत बंद पडला किंवा त्याने तुमचं खातं आधीच काढलं, तर फॉलोअर वळवणार कोण? तेव्हा हाताशी असते ती फक्त तुम्ही उतरवून ठेवलेली फाइल.

म्हणून ती फाइल नुसती ठेवू नका, उघडून बघा. संग्रहात 'आउटबॉक्स' नावाची जेसन फाइल असते, त्यात तुमच्या सगळ्या पोस्टचा मजकूर असतो. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि एखादी जुनी तारीख शोधा. आमच्या गटातले अकरा जण आता पुन्हा जमलेत, तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर. जूनपासून नोंदी सुरू आहेत, आणि महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाने आपल्या फाइलमधून मागच्या महिन्यातल्या एका दिवसाचं माप शोधून गटात टाकायचं, असं ठरलंय.