अंतर शून्य, पण डबी दिसत नाही: जीपीएस चुकत असताना जिओकॅश कशी शोधावी

फोन म्हणतो अंतर शून्य मीटर, बाण गरागरा फिरतोय आणि समोर झुडपांशिवाय काही नाही. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी, म्हणजे कॅश, जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. त्याला नव्याने लागलेले बरेच जण इथेच हात टेकतात. कुणी स्क्रीनकडे बघत त्याच चार पावलांत घुटमळत राहतं, कुणी कॅश गायब झाली असं ठरवून परत फिरतं. खरं तर जीपीएसने त्याचं काम चोख केलेलं असतं. त्याने तुम्हाला एका वर्तुळात आणून सोडलेलं असतं. त्या वर्तुळाच्या आत शोधायचं कसं, हे शिकून घ्यावं लागतं आणि ते कुणालाही जमतं.

चूक किती असते, ते आधी समजून घ्या

२ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत हुकायची. ती चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, जाहीर केले. हा खेळ सुरू झाला तो असा. आज मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनही साधारण ५ मीटरांपर्यंत जागा सांगतो.

पण लपवणाऱ्याचं यंत्रही तेवढंच चुकलेलं असतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याची ५ मीटरची चूक आणि तुमची ५ मीटरची चूक विरुद्ध दिशांना पडली, तर डबी तुमच्या ‘शून्या’पासून १० मीटरवर असू शकते. नेहमीच एवढं होत नाही. एकत्रित चूक साधारण ७ मीटरच्या आसपास धरून चालावं. झाडी, उंच भिंती किंवा दरी असेल तर त्याहून जास्त.

अ‍ॅपमध्ये दिसणारा ‘अचूकता ± ५ मीटर’ हा आकडाही हमी म्हणून घेऊ नका. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ असा, की तुम्ही त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे साधारण तीनातल्या एका वेळी तुम्ही वर्तुळाच्या बाहेरच असता.

निघण्यापूर्वी सेटिंग्ज तपासा

सगळ्यात मोठ्या चुका उपग्रहांमुळे होत नाहीत, टायपिंगमुळे होतात. जिओकॅशिंगमध्ये कोऑर्डिनेट्स अंश आणि दशांश मिनिटं अशा रूपात देतात. उल्मर यांच्या त्या पहिल्या जागेचा अक्षांश ४५° १७.४६०′ उत्तर. हाच आकडा घाईत ४५.१७४६० अंश असा टाकला, तर तुम्ही जवळपास १३ किलोमीटर दक्षिणेला पोचाल. हातात धरायचं जीपीएस यंत्र वापरत असाल, तर नकाशाचा आधार, म्हणजे डेटम, डब्ल्यूजीएस ८४ वर आहे ना, तेही बघा.

फोनवर अ‍ॅपला ‘अचूक स्थान’ वापरायची परवानगी द्या आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवताना वापरायचं नॅव्हिगेशन नको. ते तुमचा ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून नेतं. कॅशचं पान, नकाशा आणि आधीच्या नोंदी डाउनलोड करून घ्या, कारण नेमकी तिथेच रेंज नसते.

पोचल्यावर आधी थांबा

वीसेक मीटर अलीकडे, जिथे आकाश जास्तीत जास्त मोकळं दिसतं तिथे मिनिटभर उभे राहा. फोन नुकताच खिशातून किंवा गाडीतून बाहेर आला असेल, तर त्याला नवीन उपग्रह धरायला वेळ लागतो. इंटरनेट नसेल तर प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची माहिती थेट त्याच्याच सिग्नलमधून घ्यावी लागते, आणि त्याला साधारण अर्धं मिनिट जातं.

एकदा हे करून पाहा: फोन दगडावर आडवा ठेवा, हात लावू नका आणि अक्षांशाचा शेवटचा आकडा बघत बसा. .४६० चा .४६२ होतो, मग .४५९, पुन्हा .४६१. फोन जागचा हललेला नसतो. अक्षांशातला मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ मीटर, तेव्हा नुसत्या या थरथरीत पाच-सहा मीटर निघून जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की शून्याच्या मागे धावणं आपोआप थांबतं.

भिंतीजवळ किंवा कड्याखाली प्रकार आणखी बिघडतो. तिथे सिग्नल थेट न येता आपटून येतो आणि त्यामुळे उशिरा पोचतो. नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटीमीटर जातो. फक्त १० नॅनोसेकंदांचा उशीर झाला तरी उपग्रहाचं अंतर ३ मीटरनी चुकीचं मोजलं जातं. अशा जागी तासभर उभं राहून उपयोग नाही. तिथून बाहेर पडूनच मोजायला हवं.

वेगवेगळ्या दिशांनी रेषा पाडा

माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती हीच, आणि नवखे नेमकी हीच वापरत नाहीत.

जागेपासून २५ मीटर लांब, मोकळ्यावर जा. फोन आडवा धरा, बाण स्थिर होऊ द्या आणि मान वर करून बघा: बाणाच्या रेषेत साधारण तेवढ्या अंतरावर काय आहे? वाकडं झाड, कुंपणाचा खांब, दगडांची रास, जे असेल ते लक्षात ठेवा. आता वळसा घालून काटकोनातल्या बाजूला जा आणि तेच करा. जमलं तर तिसऱ्या बाजूनेही. रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथून शोध सुरू करायचा.

लांबून का, याला साधं कारण आहे. जागेत ५ मीटरची चूक असली तरी २५ मीटरवरून बाणाची दिशा फार तर १२ अंशांनी चुकते. तीच चूक ५ मीटरवर उभं राहून असेल, तर बाण जवळपास कुठेही वळू शकतो. म्हणूनच जवळ गेल्यावर तो वेड्यासारखा फिरतो.

मात्र दिशा फोनच्या होकायंत्रावर अवलंबून असते. चुंबकाचं कव्हर काढा, गाडी आणि लोखंडी कुंपणापासून दूर राहा, आणि हवेत आठाचा आकडा काढत फोन फिरवून होकायंत्र आधी जुळवून घ्या.

आता फोन खिशात ठेवा

छेदाच्या जागी एखादी काठी किंवा पिशवी ठेवा आणि तिथून बाहेरच्या दिशेने शोधत जा. आधी ३ मीटर नीट, मग ५, मग १०. ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ७८ चौरस मीटर जागा असते, १० मीटरच्या वर्तुळात ३१४. त्रिज्या दुप्पट केली की काम चौपट होतं, म्हणून आतलं वर्तुळ अर्धवट सोडून बाहेर पळू नका.

शोधताना कॅशच्या पानावरची माहिती जीपीएसपेक्षा जास्त मदत करते. आकार ‘मायक्रो’ असेल तर डबी १०० मिलिलिटरपेक्षा लहान. ती खांबाच्या मागे किंवा चुंबकाने लोखंडाखाली चिकटलेली असू शकते. ‘रेग्युलर’ असेल तर एवढी मोठी डबी मावेल अशा जागा या वर्तुळात दोन-तीनच निघतात. भूभाग किती अवघड याचं मानांकन (१ ते ५) १ असेल तर तिथे व्हीलचेअरवरूनही पोचता यायला हवं, तेव्हा झाडावर चढू नका. शोधण्याच्या अडचणीचं मानांकन (तेही १ ते ५) १ किंवा १.५ असेल तर सोप्या जागांपासून सुरुवात करा. ४ असेल तर डबी बहुधा डोळ्यांसमोरच असते, फक्त वेगळ्याच वस्तूच्या रूपात.

आधीच्या शोधकांच्या नोंदी जरूर वाचा. दोघा-तिघांनी ‘मला ८ मीटर उत्तरेला मिळाली’ असं लिहिलं असेल, तर शोधाचं केंद्र तिकडे हलवा. कॅशच्या पानावरची सूचना (हिंट) वाचण्यात कमीपणा काहीच नाही. ती त्यासाठीच दिलेली असते.

नजर जरा जास्त नीटनेटक्या गोष्टींवर ठेवा. एकमेकींना समांतर ठेवलेल्या काटक्या, कोरड्या जागी ओला भाग वर आलेला दगड, एकाच बुंध्याकडे जाणारं तुडवलेलं गवत. खाली बघून झालं की कमरेच्या आणि डोळ्यांच्या उंचीवरही बघा. खणू मात्र नका. कॅश जमिनीत पुरायला नियमाने सहसा मनाई असते. बिळात किंवा दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपून घ्या.

मिळाली किंवा नाही मिळाली, तरी नोंद करा

अर्ध्या तासात काही हाती लागलं नाही, तर ‘सापडली नाही’ अशी नोंद टाका आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला या. तोवर आकाशातली उपग्रहांची मांडणी बदललेली असते. कॅश लपवणाऱ्या मालकालाही तुमच्या नोंदीतून कळतं, की एकदा जाऊन बघायला हवं.

डबी मिळाली आणि ती दिलेल्या जागेपासून १० मीटरहून लांब होती, तर फोन तिच्या शेजारी काही मिनिटं ठेवून आलेले कोऑर्डिनेट्स नोंदीत द्या. स्वतः कॅश लपवणार असाल, तर एका मोजणीवर भागवू नका. त्याच जागी तासाभराने एकदा, शक्यतो दुसऱ्या दिवशी आणखी एकदा मोजा आणि सरासरी घ्या. पाच मिनिटांत दहा वेळा मोजण्याने फारसा फरक पडत नाही, कारण त्या दहाही वेळा उपग्रह जवळपास तिथेच असतात आणि चूकही तीच येते.